परातीतलं पीठ

८ जानेवारी, बुधवार

कमल परवा दुपारी गेली. जेवून पडली होती, ती उठलीच नाही.

लिहायचं होतं ते एवढंच. पण घर माणसांनी भरलंय आणि मला कोणाशी बोलायचं नाही, म्हणून भिलाईच्या रेल मिलमधली जुनी सवय उकरून बसलोय. शिफ्ट संपली की लॉगबुकात लिहायचो: काय झालं, काय बिघडलं, पुढच्यानं कशावर लक्ष ठेवायचं. इथं पुढचा कोणी नाही, तरी लिहितो.

परवा संध्याकाळी आम्ही स्मशानातून परतलो तेव्हा तुळसाबाईंनी कमलच्या खोलीत सगळं मांडून ठेवलं होतं. तुळसाबाई शेजारच्या. दुर्गच्या रेल्वेवाल्या घरात दिलेल्या, मूळच्या नागपूरकडच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. मरणाला आणि बाळंतपणाला त्यांना निमंत्रण लागत नाही. पलंग होता त्या जागी परातीत गव्हाचं पीठ चाळून सपाट केलं होतं, शेजारी दिवा, परातीवर टोपली. रात्रभर ठेवायचं आणि सकाळी उघडायचं. गेलेला जीव ज्या जन्माला जातो त्याचं पाऊल पिठावर उमटतं म्हणतात. पाखराचं, गाईचं, मुंगीचं, भाग्य असेल तर माणसाचं. माझ्या आईच्या वेळी चिमणीचं उमटलं होतं म्हणे. मी तेव्हा हसलो होतो आणि कमलनं मला चिमटा काढला होता.

काल सकाळी टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं. एक रेघ नाही, ठिपका नाही.

तुळसाबाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. "कोरंच हाय, श्यामभाऊ. एवढ्या मयती पायल्या, असं नाही पायलं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे गेली नाही ते अजून. इथंच हाय."

आमची मुलगी प्राची भिंतीला टेकून रडायला लागली. मला खरं तर तुळसाबाईंवर खेकसायचं होतं, पण आधी प्राचीला खाली बसवलं. पीठ नदीत सोडायला न्यायचं म्हणून त्यांनी परात उचलली, तेव्हा मात्र मी त्यांचा हात धरला. राहू द्या म्हटलं. का म्हटलं ते मलाच विचारू नये.

१६ जानेवारी

काल दहावा झाला. गुरुजींनी पुढची वाट समजावून सांगितली. जिवाला वर्षभर चालावं लागतं, मधे गावं लागतात, नदी लागते. मी विचारलं, आज ती कुठपर्यंत पोचली असेल? गुरुजींना वाटलं मी थट्टा करतोय. जन्मभर केली, म्हणून त्यांचंही चुकलं नाही. पण काल मी थट्टा करत नव्हतो.

मी रेल मिलमधे तपासणीला होतो. रूळ वरून लखलखीत असतो आणि पोटात केसाएवढी भेग असते. ती यंत्र लावून शोधायची. न दिसणारं हुडकून काढणं यावरच माझी भाकरी होती. यंत्रावर काही उमटलं नाही की आम्ही रूळ पास करून पुढे ढकलायचो. इथं काही उमटलं नाही, तर मी काय करायचं?

१९ जानेवारी, रविवार

परातीतल्या पिठाला जाळी धरायला लागली होती. ते काढलं, नवीन चाळून पसरलं, हात हलका ठेवून पट्टीनं सपाट केलं आणि टोपली झाकली. प्राची दारात उभी राहून बघत होती. 

तिला तिसरा महिना आहे. कमलला हे कळलं होतं, एवढं एक बरं. दोन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हापासून कमलची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. काही हवं असलं की डाव्या हातानं स्टीलच्या ग्लासवर चमचा वाजवायची. टिण टिण. मी "आलो" म्हणायचो आणि जायचो. प्राचीनं फोनवर बातमी सांगितली त्या दिवशी तिनं ग्लास वाजवून वाजवून घर डोक्यावर घेतलं होतं.

२ फेब्रुवारी

प्राची पुण्याला परत गेली. जावई सुशील न्यायला आला होता. बाबा, तुम्हीही चला, असं दोघंही म्हणाले. मी म्हटलं, घर कोण बघणार? प्राची म्हणाली, "घर का पिठाची परात?" पोरगी तोंडाळ आहे, आईवर गेली आहे.

आज दुपारी ग्लास वाजला.

मी हॉलमधे पेपर वाचत होतो. टिण टिण. थांबून पुन्हा एकदा. मी उठलो नाही. अंगावर काटा आला म्हणून नाही, तर उठलो तर थांबेल म्हणून. मग गेलो. फळीवर ग्लास, ग्लासात चमचा, जिथल्या तिथे. पीठ कोरं.

७ फेब्रुवारी

पुन्हा वाजला. देवीदासला सांगितलं. देवीदास माझा मिलमधला मित्र, एका तारखेला नोकरीला लागलो आणि एकाच वर्षी निवृत्त झालो. तो म्हणाला, "मरोद्याच्या लायनीवरून मालगाडी जाते तवा माहे बी भांडे वाजते." मी ते आधीच तपासलं होतं. गाडी गेली तेव्हा मुद्दाम खोलीत उभा राहिलो. ग्लास वाजला नाही. गाडी नव्हती तेव्हा वाजला.

देवीदासनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "रविवारी विहारात ये."

२३ फेब्रुवारी, रविवार

विहारात गेलो. स्वच्छ, थंड, कोणी अंगावर कुंकू उधळत नाही, मला आवडलं. वंदना संपल्यावर देवीदासनं भंतेजींशी ओळख करून दिली. वर्ध्याकडचे, वयानं तरुण. मी पिठाचं सांगितलं नाही, नुसतं विचारलं, माणूस मेल्यावर जातो कुठे? त्यांनी विचारलं, एका दिव्यानं दुसरा दिवा लावला तर कोण कुठे गेलं? जाणारं असं कोणी नसतंच, आपण ज्याला घट्ट धरतो ते आपलं धरणंच असतं.

तर्क पक्का आहे. भेग सापडली नाही. परत येताना स्कूटरवर देवीदास म्हणाला, "पटलं का?" मी म्हटलं, पटलं. "मंग?" मी म्हटलं, कोणी जात नसेल तर ग्लास कोण वाजवतं?

देवीदासनं स्कूटरचा वेग वाढवला. त्याचा धाकटा भाऊ गेला तेव्हा तो कसा वागला होता ते मला आठवतंय; महिनाभर भावाचीच चप्पल घालून ड्यूटीला येत होता. पण मी ते काढलं नाही.

३० मार्च, पाडवा

यंदा गुढी नाही. आजूबाजूच्या मराठी घरांवर दोन-तीन दिसल्या. कमलला काठी बांधायला मी कधी धड मदत केली नाही, सुतळीची गाठ सैल राहायची आणि ती पुन्हा बांधायची.

रुआबांध्याचा चंपत माझ्या सेक्शनला होता. त्याचं घर कबीरपंथी. वडील गेले म्हणून त्यांच्याकडे चौका, म्हणजे त्यांचा आरतीचा विधी होता, मला बोलावलं. वर पांढरं छत, खाली जमिनीवर चौकोन आखलेला. बघतो तर पिठानं आखलेला!  दिवे, पानं, नारळ, भजनं. रात्र पडायच्या आत मी महंतांच्या जवळ सरकलो आणि हळूच विचारलं, या पिठावर काही उमटतं का?

महंत हसले. "पिसान मा का खोजत हस, बाबू? पिसान तो रोटी बर होथे." पिठात काय शोधतोस, पीठ भाकरीसाठी असतं, म्हणाले. मग नारळ फोडला आणि प्रसादाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

परत येताना पीठ आणि कमल असंच डोक्यात घोळत होतं. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या यायच्या तेव्हा कमल उंबऱ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं काढायची. तांदळाच्या पिठात मुठीची कड बुडवून उमटवली की पाऊल, वर बोटांच्या टोकांनी अंगठा आणि बोटं. प्राची लहानपणी शेजारी बसून करायची, पण अंगठा हमखास बाहेरच्या बाजूला. कमल म्हणायची, "लक्ष्मीचा पाय मोडला ना वं तुनं!" पोरगी मोठी झाली, इंजिनिअर झाली, पण तिचा अंगठा काही आत आला नाही. दर वर्षी मायलेकी त्यावरून हसायच्या. मी पेपर वाचत असायचो.

२० एप्रिल, रविवार

कमलला बघायला लिसी सिस्टर यायच्या, दवाखान्यातल्या नर्स, मूळच्या केरळच्या, आता पक्क्या भिलाईच्या. आज ईस्टर. त्यांनी मला पहाटेच्या प्रार्थनेला नेलं. सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या होत्या. फादरनी हिंदीत गोष्ट वाचली: येशूला पुरलं, तिसऱ्या दिवशी पहाटे बायका कबरीवर गेल्या, बघतात तर दगड सरकलेला आणि आत कोणी नाही.

मी ऐकतच राहिलो. त्यांनीही उघडून बघितलं आणि त्यांनाही काहीच दिसलं नाही. आणि त्या काहीच-नाहीवर एवढं मोठं चर्च उभं आहे.

बाहेर आल्यावर मी लिसी सिस्टरना म्हटलं, "मेरा भी खाली निकला, सिस्टर. फिर मेरे को खुशी क्यों नहीं हुई?" त्यांना काही कळलं नसावं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "शाम सर, आपने खाना खाया?" कोणाला काही विचारावं तर हे असं. मी नाही म्हटलं, तर घरी नेऊन अप्पम खायला घातले.

दुपारी ग्लास वाजला. मी परातीपाशी जाऊन बसलो आणि मोठ्यानं विचारलं, कुठे आहेस ते तरी सांग. काही नाही. टोपलीवर धूळ बसली होती, पुसली.

११ मे, रविवार

प्राची बाळंतपणाला आली. सातवा संपत आला. तिकडे सासूबाई आहेत, दवाखाना घराजवळ आहे, तरी हट्ट करून आली. पहिलं बाळंतपण माहेरीच म्हणते. एवढ्या उन्हात या भट्टीत कशाला यायचं, मी चिडलोच. आईविना बाळंतपण मला कुठे जमणार? ती म्हणाली, "मी हाव ना, बाबा." तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे. आल्या आल्या फ्रिज साफ केला, माझे शर्ट धुवायला टाकले आणि औषधाच्या गोळ्या बघितल्या, मी त्या घेतोय की नाही.

२५ मे

आजपासून नवतपा, उन्हाळ्याचे सगळ्यांत कडक नऊ दिवस. भिंतीला हात लावला तर भाजतो. कूलर फक्त कमलच्या खोलीत आहे, तिच्यासाठीच खिडकीत बसवला होता. तुळसाबाईंनी आज अंगणातूनच तोंड सोडलं, "श्यामभाऊ, पोट्टी दोन जिवाची हाय. उचला ते अन् द्या तिले खोली!"

मी म्हटलं, काही उमटेपर्यंत नाही. कूलर लावला तर पीठ उडेल, दमट होईल.

प्राची हॉलमधे ओला टॉवेल अंगावर घेऊन फरशीवर पडली होती. ती उठून बसली. "बाबा, तुम्ही मले फरशीवर ठेवलं अन् पिठाले कूलरची खोली दिली. बरोबर हाय ना?"

"तुला नाही कळणार."

"समजवा ना मंग. क्या चाहिए आपको? कावून करून राहिले हे?"

मी म्हटलं, मला एवढंच कळायला हवंय की ती कुठेतरी पोचली. एक खूण. पाखराची चालेल, मुंगीची चालेल. आयुष्यभर मी दाखवा म्हणत आलो आणि तिनं न बघता सगळं मानलं. आता मी मानायला तयार आहे तर काहीच दिसत नाही. ही काय पद्धत झाली? मग मी बाहेर जाऊन उन्हात उभा राहिलो.

आत आलो तेव्हा ती तशीच बसलेली होती. म्हणाली, "बाबा, पानी प्या."

२९ मे, गुरुवार

उमटलं.

सकाळी सवयीनं टोपली उचलली. पिठाच्या मधोमध एक पाऊल. बाळाचं. माझ्या करंगळीएवढं लांब असेल. टाच, तळव्याचा बाक, पाच बोटं, सगळं स्वच्छ. मी गुडघ्यावर बसून चष्मा पुसून पुसून बघितलं. 

उभ्या हयातीत इतकं बारकाईनं काही तपासलं नसेल. उंदीर नाही, पाल नाही, टोपलीच्या काडीचा डाग नाही. आणि एक गोष्ट तर लाखाची: अंगठा बाहेरच्या बाजूला आहे. कोणा माणसानं हातानं केलं असतं तर अंगठा जागेवर केला असता. हे माणसाच्या हातचं नाही. मी पास करतो.

ओरडून प्राचीला बोलावलं. तिनं दारातूनच पाहिलं आणि डोळ्याला पदर लावावा तशी ओढणी लावली. "मानसाचा जन्म भेटला आईले," म्हणाली. तुळसाबाई आल्या, वाकल्या, पावलाकडे पाहिलं, मग प्राचीकडे पाहिलं.  मग म्हणाल्या, "हो बाई. भेटला."

त्या गडबडीतही मी प्राचीला रागावलोच. सकाळी सकाळी पोळ्या लाटत बसली असणार, हाताच्या कडेला पीठ तसंच होतं. या दिवसांत ओट्याशी उभं राहू नको म्हणून किती वेळा सांगायचं? दुपारी खिचडीच होती, पण ते असो.

संध्याकाळी पलंग आणून लावला, कूलरमधे पाणी भरलं. प्राची त्या खोलीत झोपली आहे. कित्येक महिन्यांनी मला भूक लागली.

१ जून

पीठ शिवनाथ नदीत सोडलं. दुर्गला देवीदास बरोबर आला होता. मी त्याला पावलाचं सगळं वर्णन केलं, अंगठ्याचंही. तो विचार करत म्हणाला, "तुह्या मनाचं समाधान झालं ना? मंग झालं." नदीला पाणी थोडं होतं. पीठ थोडा वेळ तरंगलं आणि गेलं.

ग्लास वाजायचा थांबला आहे. म्हणजे गेली.

१५ जून

बाळाचं पाऊल म्हणजे कुठलं बाळ, हे मला इतके दिवस कसं सुचलं नाही! या घरात एकच बाळ येणार आहे. प्राचीला अंबाडीची भाजी खावीशी वाटते, कमलला आवडायची. प्राची डाव्या कुशीवर झोपते, कमल तशीच झोपायची. बाळ दुपारी लाथा मारतं, म्हणजे ग्लास वाजायचा त्याच वेळी!

आज मी तिच्या पोटाशी वाकून म्हटलं, कमल, घाई करू नको, पाऊस पडू दे. प्राची एकदम मागे सरकली. 

"बाबा, तुमाले एक सांगायचं हाय. ते पाऊल..."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "मलाही तेच वाटतं."

 मी इतका आनंदात होतो की तिनं पुढे काही सांगितलं नाही. बायकांना या दिवसांत भीती वाटतेच.

१९ जुलै, शनिवार

मुलगी झाली. दोघी सुखरूप. सकाळपासून झड लागली होती. लिसी सिस्टरनी बाळ माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "आलीस का?" बाळानं डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं. मी "कमल" अशी हाक मारली. प्राचीनं तोंड भिंतीकडे वळवलं, थकली असेल.

२४ जुलै

नावावरून वाद. मी म्हटलं, यात ठरवायचं काय आहे, कमलिनी. प्राची बाळाला पाजत होती. म्हणाली, "बाबा, हे माही पोरगी हाय. आई नाही. हिले तुम्ही सारखं आठवते का, ओळखलं का विचारता. काल तिच्या हातात चमचा दिला तुम्ही! पाच दिवसांची हाय ते."

"पावलाचं विसरलीस?"

तिनं मान खाली घालून बाळाचं दुपटं सारखं केलं. तुळसाबाई शेगडीवर ओव्याची धुरी करत होत्या, त्यांनीही मान वर केली नाही. धूर बराच झाला होता, प्राचीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"पाऊल कोणी उमटवलं मग, सांग ना," मी म्हटलं.

शेवटी म्हणाली, "ठेवा कमलिनी. तुमाले बरं वाटते ना? ठेवा." मी जिंकलो, पण तिनं बाळाला असं छातीशी धरलं, जसं काही कोणी ते घेऊन जाणार आहे.

३० जुलै, बुधवार

आज बारसं झालं. सगळं नीट लिहायला हवं.

सकाळीच सुशील आणि त्याची बहीण पोचली होती. हॉलमधे पाळणा बांधला, देवीदास आणि लिसी सिस्टर आले. मी नवीन सदरा घालून खोलीतून बाहेर आलो तर प्राची उंबऱ्याशी पाट घेऊन बसलेली. समोर वाटीत तांदळाचं पीठ. बाळासाठी उंबऱ्यापासून पाळण्यापर्यंत पावलं काढत होती. बाळंतीण अशी ओलाव्यात बसते का म्हणून तुळसाबाई मागे बडबडत होत्या. पहिलं पाऊल काढून झालं होतं. दुसऱ्याला मूठ टेकली, उचलली, आणि टक टक टक बोटं काढली. अंगठा शेवटी. बाहेरच्या बाजूला.

मी तिथेच उभा राहिलो.

आधी राग आला, खोटं कशाला लिहू. मला लहान मुलासारखं फसवलं. या वयात माझी अशी चेष्टा! मग डोळ्यांसमोर दिसलं, जे मी पाहिलंच नव्हतं ते: नवतप्यातली पहाट, आठव्या महिन्याचं पोट घेऊन ही भिंतीला धरून खाली बसली असेल. आवाज न करता टोपली उचलली असेल. पोट आडवं येतंय म्हणून एका हातावर भार देऊन वाकली असेल, श्वास धरून मूठ टेकवली असेल. मग कशीबशी उठली असेल. आणि मी आलो तेव्हा दारात उभी राहून रडली, ते मात्र खोटं नव्हतं. कमल असती तर तिनंही हेच केलं असतं. फक्त अंगठा जागेवर काढला असता.

तेवढ्यात तुळसाबाई म्हणाल्या, "अंगठा चुकला वं पोरी! पुस अन् नीट काढ."

प्राचीनं खाली पाहिलं. मग वर, माझ्याकडे. तिचा पिठाचा हात तसाच हवेत राहिला.

मला एरवी घरात आमचं गावाकडचं बोलणं बोलायची सवय कमी, कमलशीच बोलायचो. आज आपोआप आलं. "राहू द्या, तुळसाबाई," मी म्हटलं. "ते पाऊल माह्या ओळखीचं हाय."

प्राचीनं हात खाली घेतला. मी तिच्या शेजारी खाली बसलो, गुडघे कुरकुरले, आणि मूठ पिठात बुडवून पुढचं पाऊल काढलं. आयुष्यात पहिल्यांदा. ते पाऊल कमी आणि बटाटा जास्त झाला. ती रडता रडता हसली. आम्ही तिसऱ्या कोणाला काही सांगितलं नाही. तुळसाबाईंना सांगायची गरज नव्हती, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं असं त्यांच्या तोंडावरून दिसलं.

पाळणा झाला. सुशीलची बहीण बाळाच्या कानाशी वाकली आणि विचारलं, काय नाव सांगू? सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरात ठरलंच होतं.

मी म्हटलं, "तिच्या आईला विचारा."

प्राचीला हुंदका आवरेना. सुशील गोंधळला, काय झालं कोणाला कळेना. मग तिनं नाकातल्या नाकात म्हटलं, "रेवा." कुर्रर्र केलं, सगळ्यांनी आतेबाईच्या पाठीत धपके घातले, लिसी सिस्टरनी सगळ्यांत जोरात. देवीदासनं दोनदा घुगऱ्या खाल्ल्या.

संध्याकाळी मी बाळाला मांडीवर घेतलं आणि नीट पाहिलं. नाक सुशीलचं आहे. कान कोणाचे आहेत कळत नाही. मी पहिल्यांदा तिला काही विचारलं नाही. हिला भेटायला मी इतके दिवस आलोच नव्हतो.

३१ जुलै

तर पीठ कोरंच होतं. तेव्हाही आणि शेवटपर्यंत. कमल कुठे आहे हे मला माहीत नाही. गुरुजींच्या वाटेवर असेल, नाहीतर दिव्यातून दिव्यात, नाहीतर मेणबत्त्यांच्या त्या पहाटेत, किंवा कुठेच नसेल. हे लिहिताना छातीत दुखतं, पण लिहायला हात कचरत नाही.

दुपारी सुशील आणि त्याची बहीण बाजारात गेली. मी हॉलमधे पेपर घेऊन बसलो होतो. बाहेर पाऊस थांबला होता, मालगाडीचा आवाज नव्हता.

टिण टिण.

प्राचीला पाणी हवं असेल, बाळ झोपलं म्हणून हाक न मारता चमचा वाजवला असेल. मी "आलो" म्हटलं आणि उठलो. इतक्या महिन्यांत ग्लास इतक्यांदा वाजला आणि मी एकदाही आलो म्हटलं नव्हतं. बसून ऐकत राहायचो, मग तपासायला जायचो.

खोलीत गेलो. प्राची डाव्या कुशीवर गाढ झोपली होती. बाळ तिच्या हाताच्या घडीत. ग्लास वर फळीवर, आत चमचा, तिचा हात पोचेल अशा जागी नाही.

मी कान देऊन उभा राहिलो नाही. चमचा काढला, ग्लास विसळून आणला, माठातलं पाणी भरलं आणि पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवला. वर वाटी झाकली. मग तिथेच खुर्ची ओढून बसलो, कोणाला काही लागलं तर.